परीक्षणासाठी आलेला पहिला शोधनिबंध, आणि तोही आपल्याच विषयावरचा

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. पीएच.डी. मिळून दोन वर्षे झाली. गेल्या आठवड्यात एका जर्नलच्या संपादकांकडून एका शोधनिबंधाचे छापण्यापूर्वी परीक्षण करण्याची विनंती आली. माझ्या वाट्याला आलेली ही पहिलीच. ई-मेलमध्ये केवळ शीर्षक आणि सारांश आहे. पूर्ण निबंध होकार दिल्यानंतरच उघडतो. उत्तर कळवण्यास सात दिवसांची मुदत होती, त्यांपैकी चार सरले आहेत.

विषय खाडीतील शिंपल्यांच्या एका गटाचा आहे. (येथील दोन वाक्ये नंतर काढून टाकली आहेत, कारण पहिल्या प्रतिसादात आहे.) माझ्या प्रबंधाचा विषयही जवळजवळ तोच होता आणि त्यातील दोन प्रकरणांवरून मी स्वतः एक निबंध लिहीत आहे. तो अर्धा झाला आहे. उरलेला अर्धा उत्तरपत्रिका आणि नॅक मूल्यांकनाच्या फायली यांच्याखाली दबलेला आहे. सारांश वाचला तेव्हा पोटात गोळा आला, हे प्रामाणिकपणे सांगते. हे लोक माझ्या आधी छापून मोकळे होणार, हा पहिला विचार. आणि आता त्यांचा निबंध माझ्याच हातात येणार आहे, हा दुसरा. दुसऱ्या विचाराची मला अधिक भीती वाटली.

विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सल्ला दिला की होकार द्यावा, निदान त्यांनी काय केले आहे ते तरी कळेल, अभिप्राय नंतर सवडीने पाठवता येईल. त्यांनी तो निबंध त्यांनाही पाहायला मागितला आहे. मला हे रुचले नाही, परंतु ते मला विद्यार्थिदशेपासून ओळखतात आणि त्यांना काय सांगावे हे सुचत नाही.

आणखी दोन शंका आहेत. सारांशातील इंग्रजी बेताचे आहे. भाषेसाठी निबंध नाकारणे योग्य ठरते का? आणि त्यांनी वापरलेली संख्याशास्त्रीय पद्धत मला वरवरच माहीत आहे. अशा स्थितीत परीक्षक होण्याचा अधिकार मला आहे का? परीक्षण कसे करावे हे आम्हांला कोणी शिकवलेले नाही. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन-नीतीचा पेपर होता, पण त्यात वाङ्मयचौर्यावरच सारा भर होता.

---

मुद्रितशोधक

मॅडम, सर्वांत आधी एक विनंती. आपण प्रश्नात खाडीचे नाव आणि सारांशातील निष्कर्ष लिहिला आहे, ती दोन्ही वाक्ये कृपया लगेच काढावीत. परीक्षणाचे निमंत्रण हेदेखील गोपनीय असते. आपल्याकडे एका खाडीवर एका प्राण्याचा अभ्यास करणारी माणसे किती असणार? नाव न घेताही लेखक ओळखू येतात, आणि ते लेखक या चर्चेचे वाचकही असू शकतात. आपण हे हेतुपुरस्सर केलेले नाही हे स्पष्ट दिसते. मात्र परीक्षकाच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा अशाच अजाणता होतात.

मी काही वर्षे एका जर्नलच्या संपादकीय कचेरीत काम केले आहे, म्हणून मूळ प्रश्नाविषयी थोडे सांगतो. १९९७ मध्ये स्थापन झालेली ‘कोप’ ही प्रकाशन-नीतीविषयक समिती आहे. परीक्षकांसाठी तिने दिलेली मार्गदर्शक सूत्रे बहुतेक मोठे प्रकाशक प्रमाण मानतात. आपल्या शंकेचे उत्तर तिथे जवळपास शब्दशः सापडते. हाती आलेला निबंध जर आपण स्वतः तयार करीत असलेल्या निबंधाशी फार मिळताजुळता असेल, तर परीक्षण स्वीकारू नये. आणि केवळ निबंध पाहायला मिळावा म्हणून, अभिप्राय देण्याचा विचार नसताना होकार देणे तर स्पष्टपणे अयोग्य ठरवलेले आहे. आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला नेमका याच वाक्यात बसतो. निबंध संपादकांच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणाला दाखवणेही, मग तो विद्यार्थी असो की गुरू, तितकेच चुकीचे आहे. त्यांना सांगण्यासाठी आपल्याकडे एक सोपे आणि खरे कारण आहे: निबंध माझा नाही, त्यामुळे तो दाखवण्याचा अधिकारही माझा नाही.

नकार द्यायचा असेल तर आजच द्यावा. लांबलेला होकार संपादक समजून घेतात. न आलेल्या उत्तराचा मात्र लेखकाला भुर्दंड बसतो, कारण त्याचा निबंध तोवर कोणाच्याच टेबलावर नसतो.

---

निवृत्त मत्स्यशास्त्र

मुद्रितशोधक यांनी नियम सांगितला आहे, तेव्हा मी त्याची पुनरुक्ती करीत नाही. खाडीकाठ मॅडमनी हे परीक्षण घेतले नाही, तरी पुढचे कधीतरी येणारच आहे. चांगले परीक्षण लेखकाच्या बाजूने कसे दिसते, हे मला एका जुन्या अनुभवावरून सांगावेसे वाटते. येथे लेखक मीच होतो, त्यामुळे गोपनीयतेचा प्रश्न येत नाही.

आम्ही एका खाडीतील तिसऱ्यांच्या (गाळात राहणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांच्या) एका पट्ट्यावर लागोपाठ दोन वर्षे मोजणी केली होती. अर्धा मीटर बाजूची लोखंडी चौकट चिखलात टाकायची, आतला गाळ वीतभर खोल काढायचा, चाळणीने चाळायचा आणि मिळालेल्या तिसऱ्या मोजायच्या, अशी पद्धत होती. दुसऱ्या वर्षी संख्या निम्म्यावर आली. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले की वाळू-उपशामुळे तिसऱ्या घटल्या. गावातील तिसऱ्या काढणाऱ्या बायकाही तेच सांगत होत्या, त्यामुळे आम्हांला शंका घेण्याचे कारण वाटले नाही.

दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. एक तीन ओळींचा होता: काम स्थानिक स्वरूपाचे आहे, इंग्रजी सदोष आहे, प्रकाशनास अयोग्य. दुसरा अडीच पानांचा होता. त्याच्या पहिल्या परिच्छेदात त्या अनोळखी गृहस्थांनी किंवा बाईंनी आमचा निबंध काय म्हणतो हे स्वतःच्या शब्दांत लिहिले होते, आणि ते आमच्या सारांशापेक्षा स्वच्छ होते. त्यानंतर एक प्रश्न होता. तुमच्या तक्त्यात मोजणीच्या तारखा आहेत, परंतु त्या दिवशी ओहोटी किती खाली उतरली होती याची नोंद नाही, ती द्यावी.

मी दिनदर्शिका काढून बसलो आणि कपाळावर हात मारला. पहिल्या वर्षी आम्ही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत गेलो होतो. उधाणाला भरती जितकी चढते तितकीच ओहोटीही खोल उतरते आणि खालचा पट्टा उघडा पडतो. दुसऱ्या वर्षी गाडी फक्त शनिवारी मिळत असे, म्हणून आम्ही शनिवारी गेलो, आणि त्यांतील निम्मे शनिवार अष्टमीच्या आगेमागे, भांगाचे होते. भांगाला पाणी पुरते ओसरतच नाही. एक वर्ष आम्ही खालचा पट्टा मोजला होता आणि दुसऱ्या वर्षी वरचा. समुद्राकाठी जन्म गेलेल्या माणसाला जी गोष्ट शाळकरी पोरही सांगेल, ती माझ्या ध्यानात आली नव्हती! भरतीच्या तक्त्यांवरून आम्ही सारे पुन्हा ताडून पाहिले. समान पातळीवरच्या चौकटीच तेवढ्या धरल्यावर घट उरली, पण बरीच कमी. निबंध छापला गेला. ‘वाळू-उपशामुळे’ हा शब्द मात्र शीर्षकातून गेला.

त्या परीक्षकाने आम्हांला कोठेही निष्काळजी म्हटले नव्हते. ‘लेखकांना हे ठाऊक असावयास हवे होते’ हे वाक्य, जे मी स्वतः पुढे अनेकदा लिहिण्याच्या मोहात पडलो, ते त्यात नव्हते. पण निबंधाचा जो खांब कुजका होता त्यावरच त्याने बोट ठेवले होते. तीन ओळींच्या अभिप्रायातून मी काय करावे हे मला आजतागायत कळलेले नाही. भाषा सदोष असेल तर नेमके कोणते वाक्य कळले नाही ते सांगता येते. ‘स्थानिक’ असेल तर कोणत्या व्यापक प्रश्नाशी जोडावे ते सुचवता येते. त्या अभिप्रायानंतर मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवून घेतली. प्रत्येक आक्षेप लिहून झाल्यावर स्वतःला विचारायचे, की हा वाचून लेखक उद्या सकाळी काय करील? उत्तर ‘काहीच नाही, फक्त वाईट वाटून घेईल’ असे आले, तर तो आक्षेप पुन्हा लिहायचा किंवा खोडायचा.

आणि दुखावला जाणे हे काही नवशिक्यांचेच लक्षण नव्हे. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत असे म्हणणारा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक टेट यांनी तो परीक्षकाला दाखवला, आणि त्यात चूक असल्याचा अभिप्राय आला. छापण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवण्याची मुभा आम्ही दिली नव्हती, असे रागाने कळवून आइन्स्टाइन यांनी निबंध मागे घेतला. तो परीक्षक म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसन होते. पुढे प्रिन्स्टनमध्ये त्यांनी आइन्स्टाइन यांचे सहकारी इन्फेल्ड यांच्याशी बोलताना तीच चूक दाखवून दिली, आणि १९३७ मध्ये तो निबंध दुरुस्त होऊन, उलट निष्कर्षासह, दुसऱ्या नियतकालिकात आला. रॉबर्टसन यांनी ‘तो परीक्षक मीच’ असे काही सांगितल्याचे दिसत नाही. मला त्यांच्या गणिताइतकेच हे मौनही मोठे वाटते.

---

कलम आणि कलमे

मी आंब्यावर काम करतो आणि दापोलीच्या बाजूचा आहे. संख्याशास्त्राच्या शंकेवर थोडे लिहितो, आणि मुद्रितशोधक यांच्या मताला एक छोटीशी पुरवणी जोडतो.

मॅडम, ‘मला ही पद्धत पुरेशी माहीत नाही’ हे वाक्य संपादकांना लिहिण्यात कमीपणा नाही. संपादक दोन-तीन परीक्षक निवडतात ते वेगवेगळ्या बाजू पाहता याव्यात म्हणूनच. ‘मी क्षेत्रीय पद्धत, प्राण्याची ओळख आणि नमुन्यांची जागा तपासली आहे, संख्याशास्त्रीय विश्लेषण जाणकाराने पाहावे’ असे सुरुवातीलाच नमूद करावे. अन्याय होतो तो या वाक्याच्या अभावी. न समजलेल्या भागावर परीक्षक गप्प बसतो, संपादक ते मौन संमती समजतात, आणि निबंधाचा तेवढा भाग कोणीच न तपासता पुढे जातो.

तरीही थोडे संख्याशास्त्र आपल्या आवाक्यातले असतेच. एकाच पट्ट्यावर चाळीस चौकटी टाकल्या म्हणजे चाळीस स्वतंत्र नमुने झाले असे नव्हे. उपसा झालेला पट्टा एक आणि न झालेला एक असेल, तर तुलना एकास एकच आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (आभासी पुनरावृत्ती) असे नाव देऊन त्यावर दीर्घ लेख लिहिला, पण शेतात नि खाडीत काम करणारे आपण सारे ती चूक अजूनही करतो. त्यासाठी सूत्रे पाठ लागत नाहीत. ‘हा प्रयोग खरोखर किती ठिकाणी झाला?’ एवढे विचारता आले की पुरे.

आता अधिक काम मागण्याविषयी. परीक्षकाच्या हातात असलेली सर्वांत महागडी गोष्ट म्हणजे ‘आणखी एक हंगाम नोंदी घ्याव्यात’ हे वाक्य. लिहायला त्याला अर्धे मिनिट लागते, लेखकाचे मात्र वर्ष जाते, कारण हापूसला मोहोर आमच्या सोयीने येत नाही. समजा, पावसाळ्यात मुळांपाशी पॅक्लोब्युट्राझोल हे मोहोर आणणारे रसायन दिल्याने उत्पन्न वाढले असा दावा एका वर्षाच्या आकड्यांवर केलेला आहे. हापूस एक वर्ष धरतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, हे आमच्याकडे प्रत्येक बागायतदार जाणतो. त्यामुळे वाढ औषधामुळे झाली की झाडाच्या पाळीमुळे, हे एका वर्षावरून ठरत नाही. येथे दुसऱ्या वर्षाची मागणी न्याय्य आहे आणि ती न करणे हाच निष्काळजीपणा होईल. याउलट, काढणीनंतर फळे किती तापमानात ठेवली आणि साका (गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) किती फळांत निघाला, एवढाच मर्यादित प्रश्न पुरेशा बागांतील फळांवर तपासलेला असेल, तर ‘हे आणखी तीन तालुक्यांत करून पाहावे’ ही परीक्षकाची हौस झाली. तेथे ‘निष्कर्ष या तालुक्यापुरताच मांडावा’ असे सांगितले की काम भागते. मी असतो तर वेगळे केले असते, हा आक्षेप नव्हे. तो निबंध त्यांचा आहे.

माझ्या स्वतःच्या निबंधांचे संदर्भ द्यावेत, असे मी अभिप्रायात लिहावे का, हा प्रश्न मला एकदाच पडला. खरोखर संबंधित असा माझा एक निबंध होता, तेव्हा मी तो संपादकांसाठीच्या टिपणात नोंदवला आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. पाच-पाच संदर्भांची यादी चिकटवणारे परीक्षक माझ्याही वाट्याला आले आहेत. ती यादी पाहिली की परीक्षक कोण हे लेखकाला शोधावे लागत नाही!

पुरवणी अशी की, स्पष्ट नकाराऐवजी आधी संपादकांना सर्व सांगून विचारणे हाही मार्ग आहे. ‘कोप’ची सूत्रेही शंका असल्यास संपादकांना विचारावे असेच सांगतात. एकाच संस्थेत नोकरी, किंवा गेल्या तीनेक वर्षांतील गुरू-शिष्य वा सहलेखकाचे नाते, यांना ती थेट हितसंबंध मानतात. मात्र कोकणासारख्या छोट्या वर्तुळात विषय जाणणारा प्रत्येक जण कोणाचा तरी विद्यार्थी किंवा प्रतिस्पर्धी असतोच. सगळेच बाजूला झाले, तर निबंध अशा कोणाकडे जातो ज्याने उधाण-भांग कधी पाहिलेले नाही. तेव्हा लपवू नये, पण स्वतःला परस्पर अपात्रही ठरवू नये.

---

मुद्रितशोधक

पुरवणी मान्य आहे, फक्त प्रस्तुत प्रकरणात मी नकाराच्याच बाजूने राहीन. अर्धा लिहिलेला निबंध हाताशी असताना दुसऱ्याचा वाचला, तर आपली पुढची ओळ आपलीच सुचलेली आहे की तिथून आलेली, हे प्रामाणिक माणसालाही सांगता येत नाही.

एक गोष्ट राहिली. निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या चॅटबॉटमध्ये टाकून अभिप्राय लिहून घेण्याची टूम सध्या निघाली आहे. छापलेला नसलेला मजकूर बाहेरच्या यंत्रणेला देणे हे तो सहकाऱ्याला देण्याइतकेच गैर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षकांना याच कारणासाठी २०२३ मध्ये अशी साधने वापरण्यास मनाई केली.

---

सड्यावरचा

मी इतिहासाचा आहे. कातळशिल्पांवर थोडेफार काम केले आहे. आमच्या विषयात परीक्षण बहुधा दोन्ही बाजूंनी नावे झाकून होते, असे म्हणतात. प्रत्यक्षात कोणत्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोण जाते हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे छायाचित्रांवरूनच लेखक कळतो. लेखक ओळखला गेला असे वाटले, तर मी संपादकांना तसे कळवतो. शोधायला मात्र जात नाही. शीर्षक गूगलवर टाकून पाहणेही टाळतो.

नाव माहीत असल्याने न्याय कसा डळमळतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मानसशास्त्रात पीटर्स आणि सेसी यांनी आधीच छापून आलेले बारा निबंध घेतले, लेखकांची व संस्थांची नावे बदलून बिनवजनाची केली, आणि ज्या नियतकालिकांनी ते छापले होते त्यांच्याकडेच परत पाठवले. हा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीनच निबंध ओळखले गेले. उरलेल्या नऊंपैकी आठ नाकारले गेले, आणि त्यांतील बऱ्याच नकारांचे कारण पद्धतीतील गंभीर दोष असे होते. यावर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले आहेत, पण छोट्या गावच्या महाविद्यालयाचा पत्ता लिहून निबंध पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात फारसे नवल वाटणार नाही. मॅडम, म्हणूनच भाषेबाबत थोडे सैल असावे. अर्थ लागत नसेल तेथे ‘येथे अर्थ लागला नाही’ असे ओळ क्रमांकासह लिहावे. अर्थ लागत असेल तर इंग्रजी सुधारण्याचे काम परीक्षकाचे नव्हे. आपले स्वतःचे इंग्रजी कोणी कधी तपासले होते ते आठवले की हात आपोआप हलका होतो.

लेखकांना गोड आणि संपादकांना तिखट, असेही करू नये. संपादकांसाठीच्या गुप्त रकान्यात ‘हा निबंध टाकाऊ आहे’ आणि लेखकासाठी ‘उत्तम प्रयत्न, किरकोळ सुधारणा सुचवतो’ असे लिहिले, तर नकाराचे पत्र हाती पडल्यावर त्या लेखकाला काहीच उलगडत नाही.

---

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ती दोन वाक्ये त्याच दिवशी काढली. संपादकांना कळवले की याच विषयावर माझा निबंध लेखनाच्या टप्प्यात आहे, सारांशापलीकडे मी काही पाहिलेले नाही, आणि त्यांची हरकत नसल्यास मी दूर राहू इच्छिते. दुसऱ्या दिवशी आभाराचे दोन ओळींचे उत्तर आले. पर्यायी परीक्षकांची नावे त्यांनी विचारली होती, ती तीन दिली. त्यांपैकी एकाशी माझे फारसे पटत नाही, पण भरतीचे गणित त्यांच्याइतके कोणाला कळत नाही.

सहकाऱ्यांना मुद्रितशोधक यांचेच वाक्य सांगितले. त्यांना ते आवडले नाही. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणाले, आणि दोन दिवस स्टाफरूममध्ये चहाला हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी मारली.

काल त्याच संपादकांकडून दुसरा निबंध आला. तो माझ्या विषयाचा आहे, पण माझ्या कामाशी त्याची टक्कर नाही. संख्याशास्त्राचा भाग माझ्या आवाक्याबाहेरचा आहे असे कळवून होकार दिला आहे. मुदत एकवीस दिवसांची आहे. या अष्टमीला भांग असल्यामुळे दोन-तीन दिवस खाडीवर काम नसेल; पहिले वाचन तेव्हाच करून ठेवीन.